कॅलेंडरच्या पाठीवरची पावलं

तारीख बारा जानेवारी, रविवार, सकाळी अकरा. रक्कम अठरा लाख रुपये. हजर माणसं सात : बाई, मी, वरच्या गावचे सरपंच, मधल्या गावच्या सरपंचताई, खालच्या गावचे सरपंच, आमच्या संस्थेचा इंजिनिअर आणि पैसे देणाऱ्या कंपनीच्या मॅडम. ठिकाण शनिवार पेठेतला बाईंचा दोन खोल्यांचा फ्लॅट. खुर्च्या शून्य.

खुर्च्या नव्हत्या कारण बाईंना खुर्ची चालत नसे. चाळीस वर्षं त्यांनी बालवाडी चालवली आणि त्या काळात त्या मुलांसमोर एकदाही खुर्चीवर बसल्या नाहीत. "खुर्चीवरून मुलांची फक्त डोकी दिसतात," त्या म्हणत. निवृत्त झाल्यावर मुलं गेली, सतरंजी राहिली. मुलांविषयी बोलायला येईल त्याने जमिनीवर बसायचं, मग तो कोणी का असेना. त्या दिवशी कंपनीच्या मॅडम कडक इस्त्रीच्या पँटमध्ये मांडी घालायचा प्रयत्न करत होत्या आणि वरच्या गावच्या सरपंचांचे गुडघे दुखत असल्यामुळे त्यांना खास सवलत म्हणून पाट मिळाला होता.

गावांची नावं मी मुद्दाम लिहीत नाही. कोणाचं नाव आधी लिहायचं यावरून आमचं पहिलं पत्र तीन आठवडे अडकलं होतं. वरचं, मधलं आणि खालचं एवढं पुरे. स्वारगेटहून बसने सव्वा तास लागतो. बस मधल्या गावाच्या फाट्यावर थांबते. तिथून वरचं गाव चढावर आहे आणि खालचं ओढ्यापलीकडे.

या तिन्ही गावांत मिळून एक बालकेंद्र बांधायचं होतं. अंगणवाडी, पाळणाघर, लसीकरणाची खोली आणि गरोदर बायकांच्या तपासणीची खोली, सगळं एका छपराखाली. कंपनीची अट एकच होती. एकतीस मार्चच्या आत तिन्ही ग्रामसभांनी एकाच जागेचा ठराव द्यायचा. नाहीतर अठरा लाख दुसऱ्या तालुक्यात जाणार.

मी व्यवसायाने लेखापाल, बाईंनी काढलेल्या संस्थेचा बिनपगारी खजिनदार. मी त्या दिवशी तक्ता मांडला. घरोघरी फॉर्म वाटून भरून घेतले होते. सहा वर्षांखालची मुलं : वरचं गाव एकेचाळीस, मधलं अडतीस, खालचं एकोणतीस. एकूण एकशे आठ. एकच नाव दोनदा आलंय का, हे मी संगणकावर तीन वेळा तपासलं होतं. एकही आलं नव्हतं.

वरचे सरपंच, त्यांना सगळे तात्या म्हणत, पाटावरूनच म्हणाले, "एकेचाळीस म्हंजे आमची जास्त. मग केंद्र वरच. बोलायचं काय ऱ्हायलं?"

सरपंचताई म्हणाल्या, "जास्त हायत तर हायत. पण चढ कुणी चढायचा? तुमचा आकडा येऊन पोरांना उचलून नेणार हाय का?"

खालच्या गावचे सरपंच तरुण होते. त्यांनी मोबाईलवर ओढ्याकाठच्या आपल्या जागेचा फोटो दाखवला. तात्यांनी त्यांना ती जागा पावसाळ्यात कुठं असते ते विचारलं. बारा चाळीसला बैठक संपली. सह्या शून्य.

सगळे गेल्यावर बाईंनी सतरंजी झटकली आणि मला विचारलं, "हिशेबनीस, या एकशे आठांपैकी तुम्ही किती जणांना भेटलात?"

मी म्हणालो, "एकालाही नाही."

"मग हा तक्ता कोणाचा आहे?"

बाईंची नि माझी ओळख बारा रुपयांवरून झाली. माझी मुलगी त्यांच्या बालवाडीत होती. तेव्हा आम्ही पेठेत भाड्याने राहत होतो, वारज्याचा फ्लॅट नंतरचा. सहलीचा खर्च बाईंनी फळ्यावर लिहिला होता आणि त्यात बारा रुपयांची चूक होती. मी पालकसभेत उभा राहून ती दाखवली. ही, म्हणजे माझी बायको, खालून माझा शर्ट ओढत होती. बाईंनी फळा पाहिला, खडूने दुरुस्ती केली आणि म्हणाल्या, "बरोबर आहे. साठ पालकांत तुम्हाला एकट्याला बारा रुपये दिसले. उद्यापासून हिशेब तुम्ही ठेवा." मला वाटलं टोमणा आहे. दुसऱ्या दिवशी वह्या घरी आल्या.

त्याच दिवशी त्यांनी सगळ्या मुलांना फुटाणे वाटले. बालवाडीचा नियमच होता : मोजण्यात ज्याची चूक होईल त्याने सगळ्यांना खाऊ द्यायचा. मुलांना हा नियम पाठ होता आणि मोठ्या माणसांच्या चुकांवर त्यांची बारीक नजर असे. वीस वर्षांत मला एकदाही खाऊ द्यावा लागला नव्हता. मला त्याचा अभिमान होता, हे इथे कबूल करतो.

बाईंकडे बांबूची एक काठी होती. पंचाण्णव सेंटिमीटर. म्हातारपणाचा आधार म्हणून नव्हे. तीन वर्षांच्या मुलाची ती उंची. ही काठी घेऊन त्या सगळीकडे जात आणि दिसेल त्याला लावून पाहत. बँकेच्या काउंटरला लावून त्यांनी मॅनेजरला सांगितलं होतं की तुमच्या बँकेला या उंचीचा नागरिक दिसत नाही. मॅनेजरने लहान मुलांच्या खात्याचा फॉर्म पुढे केला. स्वारगेटला बसच्या पायरीला काठी लावून त्या कंडक्टरला काही समजावत होत्या, तेव्हा कंडक्टर शांतपणे म्हणाला, "आजी, मोजून झालं असेल तर चढा. गाडी अडीच वर्षांची आहे, तिलाही घाई आहे." बाईंना हे उत्तर फार आवडलं. नंतर वर्षभर त्या ते सांगत होत्या.

आणि पावलं. ज्या मुलाला भेटत त्याचं उजवं पाऊल कागदावर ठेवून त्या पेन्सिलीने कड काढत. कागद म्हणजे जुन्या कॅलेंडरची पाठ. त्यासाठी जानेवारीत अर्ध्या शनिवार पेठेची कॅलेंडरं त्यांच्याकडे जमा होत. पावलाखाली तारीख, आणि मुलाच्या नावाऐवजी त्याची एखादी खोड : बोलताना डोळे मिटते. भाताला आधी हात लावून बघतो. कोणाला न विचारता निघून जातो. मी एकदा विचारलं की पावलंच का. म्हणाल्या, "डोकी सगळेच मोजतात. जायचं यायचं पायांनाच असतं."

माझ्या मुलीच्या लग्नात त्यांनी आहेर म्हणून तिचं चौथ्या वर्षीचं पाऊल फ्रेम करून दिलं. खाली लिहिलं होतं : चुकलं तरी ठाम असते. जावयाने ते मोठ्याने वाचलं आणि मांडवात हशा पिकला. मुलगी म्हणते ती माझ्यावर गेली आहे.

तर त्या बैठकीनंतरच्या मंगळवारी मी किरकोळ रजा टाकली आणि सव्वासातच्या बसने बाईंबरोबर गावाला गेलो. संक्रांत होती. बसमध्ये निम्म्या बायका माहेरी चालल्या होत्या, कडेवर मुलं आणि पिशव्यांत तिळगूळ.

आधी आम्ही खालच्या गावात गेलो. साडेनऊ वाजले होते. एका घराच्या दारात सात-आठ वर्षांची मुलगी उभी होती. कडेवर दीड वर्षाचा भाऊ, एका हातात त्याचं दुधाचं भांडं. आई सकाळच्या बसने वारज्याला चार घरची कामं करायला गेली होती, बाप गवंडीकामावर. शाळा समोरच होती. आतून पाढ्यांचा आवाज येत होता आणि ही पोरगी भावाला हलवत हलवत तेच पाढे म्हणत होती. बाराचा पाढा तिने एकही चूक न करता म्हटला. मी लक्ष देऊन ऐकत होतो.

बाई तिच्यासमोर मातीत बसल्या. भावाचं पाऊल काढलं, तिचंही काढलं. मग उठून मला म्हणाल्या, "हे इथलं पाळणाघर. पाहून घ्या. मला बाकी काही नको, हिशेबनीस. हिला सेवानिवृत्त करायचं आहे."

मग त्यांनी मला मधल्या गावात नेलं आणि साडेतीन वर्षांच्या एका मुलीचं बोट माझ्या हातात दिलं. आराध्या नाव. अंगणवाडीच्या ताई बरोबर होत्या. बाई म्हणाल्या, "हिला घेऊन वरच्या गावात जा. अट एकच : उचलायचं नाही आणि ओढायचं नाही. वेळ लिहा."

माझ्या तक्त्यात ते अंतर एक किलोमीटर चारशे मीटर होतं. चालत वीस मिनिटं, असं मी लिहिलं होतं.

आराध्या आधी एका शेळीजवळ थांबली. शेळीशी तिचं बरंच बोलणं झालं. मग चपलेत खडा गेला. खडा काढला, तो आवडला म्हणून फ्रॉकच्या खिशात ठेवला आणि त्याला सोबत म्हणून आणखी पाच गोळा केले. अर्ध्या चढावर ती दगडावर बसली आणि म्हणाली, "तू पण बस." मी बसलो. माझं वय पन्नास पूर्ण, माझी बैठकीची तालीम चांगली होती. ती मला खडे मोजायला लावत होती आणि मुद्दाम एक लपवत होती. तिच्यापुढे मी पहिल्यांदा चुकलो, पण ते तिथेच राहिलं.

वरच्या गावाच्या वेशीशी पोचल्यावर मात्र तिने बोट सोडलं आणि सुसाट पळत एका मोठ्या घरात शिरली. मला वाटलं तहान लागली असेल. आतून ती तोंडात तिळगुळाची वडी घेऊन आली. मी वहीत लिहिलं : एकूण एक तास बारा मिनिटं. शेवटचे शंभर फूट वेगात, कारण अज्ञात.

बाईंना आकडा सांगितला. म्हणाल्या, "तुमच्या नकाशात शेळी दाखवलेली नाही."

मी संध्याकाळच्या बसने परत आलो. बाई राहिल्या. अंगणवाडीच्या ताईंच्या घरी त्यांनी तीन आठवडे मुक्काम ठोकला आणि माझी यादी हातात घेऊन घर न घर केलं. यादीतल्या प्रत्येक मुलाचं पाऊल. रथसप्तमीनंतर त्या परत आल्या तेव्हा कापडी पिशवीत एकशे आठ कागद होते. मला फोन आला : "या. येताना चष्मा आणा."

सतरंजीवर त्यांनी कागद लहान-मोठ्या क्रमाने मांडले होते. मी पाहिलं, मोजले आणि म्हणालो, "एकशे आठ. माझा आकडा बरोबर आहे."

"पुन्हा बघा."

मी गुडघ्यांवर रांगत पुन्हा पाहिलं. आकाराच्या क्रमाने लावल्यामुळे सारखी पावलं शेजारी आली होती. एकाची करंगळी आत वळलेली. त्याच्या शेजारच्या कागदावरचीही. एका पावलाचं दुसरं बोट अंगठ्यापेक्षा लांब, त्याच्या शेजारीही तसंच. करंगळीच्या जोडीतला एक कागद बाईंच्या यादीप्रमाणे वरच्या गावचा, दुसरा मधल्याचा. खोडीसुद्धा तीच : खडे मोजते, एक लपवते.

मी वही काढली. लिहून काढलं तेव्हा बावीस जोड्या निघाल्या. मुलं एकशे आठ नव्हतीच, शहाऐंशी होती.

चूक कशी झाली ते समजायला मला फॉर्म पुन्हा वाचावे लागले. मी रकाना छापला होता : 'तुमच्या घरातली सहा वर्षांखालची मुले.' तिन्ही गावांत पिढ्यान्‌पिढ्या सोयरीक. वरच्या गावच्या लेकी मधल्या गावात, मधल्या गावच्या खालच्या गावात. पहिलं बाळंतपण माहेरी, पहिले सहा महिने आजोळी, त्यानंतरही पोर आठ दिवस इकडे तर आठ दिवस तिकडे. फॉर्म घेऊन गेलेल्या माणसाने विचारलं, आजी, घरात लहान मुलं किती? तर कोणती आजी लेकीच्या मुलाला वगळेल? शिवाय आजोळी चिमी, ठकी, बाळ्या. आणि जन्मतारीख आजीच्या हिशेबाने, आखाडातली नाहीतर दिवाळीच्या आसपासची. संगणकाला त्यात एकही जोडी दिसली नाही. वर, बाई गेल्या ते दिवस बोरन्हाणाचे. लहानग्यांच्या डोक्यावरून बोरं, चुरमुरे, हरभरे ओतायचे, आणि तिथे ते आजोळी एकदा नि घरी एकदा करायची पद्धत. म्हणून बाईंना ती बावीस मुलं दोन्हीकडे भेटली.

"तुम्हाला पावलं काढताना कळलं नाही?" मी विचारलं.

"दुसऱ्याच दिवशी कळलं. पण कळायला तुम्हाला हवं होतं." मग कागद गोळा करत म्हणाल्या, "तुमच्याकडे खाऊ लागला. नियम माहीत आहे."

जिथे मुलं राहतात तिथेच धरली, तर वरच्या गावची अठ्ठावीस, मधल्या गावची चौतीस, खालच्या गावची चोवीस होत होती. म्हणजे वरच्या गावची तेरा कमी. मी लगेच सुधारित तक्ता करून तिन्ही सरपंचांना पाठवायला निघालो. बाईंनी माझा मोबाईल काढून घेतला.

"भर सभेत तात्यांना सांगणार, तुमची तेरा नातवंडं खोटी?"

"खोटी नाही, दुबार."

"त्यांच्या बायकोला सांगून बघा दुबार."

दोन मार्च, रविवार. हजर माणसं तीच सात. महिना शेवटचा होता आणि सगळ्यांना ते ठाऊक होतं. कंपनीच्या मॅडम या वेळी सलवार-कमीज घालून आल्या होत्या, मांडी नीट घालता येत होती. चहा झाल्यावर बाईंनी सतरंजीवर एकशे आठ कागद पसरले आणि सांगितलं, "आपापल्या गावची मुलं उचला."

तिघे सरपंच जमिनीवर रांगायला लागले. खोडी वाचत, हसत, हा अमक्याचा, ही तमक्याची. खालच्या गावचे सरपंच आपल्या पोराचं पाऊल सापडल्यावर सगळ्यांना दाखवत फिरले. मी मध्येच एकदा तोंड उघडलं. बाईंनी काठी माझ्यासमोर आडवी धरली.

तात्यांनी आत वळलेल्या करंगळीचा कागद उचलला. खाली वाचलं. "ही आमची चिमी," ते म्हणाले. "आशीच खडं लपवती. मला रोज गंडवती."

सरपंचताईंच्या हातात दुसरा कागद होता. तो त्यांनी तात्यांपुढे धरला. मग म्हणाल्या, "तात्या, ही आमची आराध्या हाय."

तात्यांनी तो कागद घेतला. गुडघे धरत उठले, खिडकीशी गेले आणि दोन्ही कागद एकावर एक ठेवून उजेडात धरले. दोन कडांची एकच कड झाली. आम्ही सगळे जमिनीवर बसून त्यांच्या पाठीकडे पाहत होतो. हा माणूस रागावून निघून गेला असता तर सगळं तिथेच संपलं असतं, आणि खालच्या गावच्या दारात ती पोरगी भावाला हलवत बाराचा पाढा म्हणत राहिली असती.

मग तात्या वळले. "नात माझीच हाय," ते म्हणाले. "पर ऱ्हाती यांच्यात." आणि मला विचारलं, "सायेब, तुमी म्हनं चालत आनलीवती तिला. किती टाइम लागला?"

मी वही उघडली. "एक तास बारा मिनिटं. शेवटचे शंभर फूट पळाली."

"ते आमचं घर," तात्या म्हणाले. ते पहिल्यांदा हसले. "रोज एक तास चढायचं म्हंजे पोरगी शाळंला जाईपत्तुर म्हातारी व्हईल. लिवा. केंद्र फाट्यावर."

सरपंचताईंनी पदर सावरला. फाटा त्यांच्याच गावचा. खालच्या सरपंचांनी ओढ्यावरच्या साकवाची मागणी लगेच पुढे केली आणि ती मान्यही झाली.

तात्यांची अट एकच होती. पाटीवर कुठल्याच गावाचं नाव नको. "आजोळ लिवा. ते समद्यांना लागू हाय."

सह्या तीन. वेळ बारा वाजून पाच मिनिटं. तिन्ही ग्रामसभांचे ठराव सव्वीस मार्चला माझ्या हातात आले.

आराखड्याचं एक सांगायचं राहिलं. इंजिनिअरने सुबक नकाशा काढला होता. बाई म्हणाल्या, कागदावर मला काही कळत नाही, जमिनीवर काढा. वीस किलो फक्की आणली, रुपये एकशे साठ, आणि फाट्यावरच्या जागेत खोल्या, दारं, खिडक्या खऱ्या मापाने पांढऱ्या रेघांनी आखल्या. मग बाईंनी तिथे तीसेक मुलं सोडली आणि आम्हाला बाजूला बसायला सांगितलं. मुलं या भिंतीतून त्या भिंतीत आरपार पळाली. दहा मिनिटांनी पाहतो तर खोल्यांत कोणी नाही, सगळी आराखड्याच्या बाहेर जांभळाखाली. इंजिनिअर म्हणाला, भिंती उभ्या राहिल्या की आत बसतील. बाई म्हणाल्या, "कोंडायचं असेल तर बसतील." इमारत अकरा फूट सरकली. जांभूळ अंगणात आलं. खिडक्या काठी लावून खाली आणल्या, शौचालय मागच्या टोकावरून वर्गाशेजारी आलं, आणि आज्या-आजोबांना थांबायला बाहेर लांब कट्टा काढला. इंजिनिअर आता दुसऱ्या कामांनाही फक्की नेतो, असं ऐकतो. काठीची त्याने नक्कल करून घेतली आहे.

पंधरा डिसेंबर, सोमवार. केंद्र सुरू झालं. एकूण खर्च सतरा लाख चौऱ्याऐंशी हजार सहाशे पन्नास. उरलेले पंधरा हजार तीनशे पन्नास कंपनीला चेकने परत केले. पैसे परत आल्याचं पाहून मॅडमनी मला दोनदा फोन करून काही चुकलं नाही ना, असं विचारलं.

माझ्याकडे खाऊ लागत होता. मधल्या गावच्या महिला बचत गटाला मी आठवडाभर आधी फोन केला : शेंगदाण्याचे लाडू, नग शहाऐंशी. पलीकडे कोणीतरी हसलं. मला वाटलं ओळखीच्या आवाजाला हसल्या असतील.

बाई जांभळाखाली जमिनीवर बसून लाडू वाटत होत्या. मी शेजारी यादी घेऊन खुणा करत होतो. आराध्या आली, लाडू घेतला, खिशात ठेवला आणि पुन्हा रांगेत उभी राहिली. मी तिला यादी दाखवली, तुझी खूण झाली म्हणालो.

"तो इथला," ती म्हणाली. "आता आजोळचा."

मी बाईंकडे पाहिलं. बाईंनी लाडू तिच्या हातावर ठेवला. "बरोबर आहे तिचं. दोन घरचा हक्क आहे." बावीस मुलांना ही बातमी पोचायला दोन मिनिटंही लागली नाहीत. सगळी पुन्हा रांगेत. तात्या कट्ट्यावरून ओरडून एकेकाची ओळख पटवत होते.

लाडू संपणार म्हणून मी बचत गटातल्याच सरपंचताईंना गाठलं आणि आणखी बावीस वळून मिळतील का विचारलं. त्यांनी झाकलेला डबा पुढे केला. "वळलेत साहेब. एकशे आठच वळलेत. तुम्ही शहाऐंशी म्हणालात तवाच आम्ही हसलो."

खालच्या गावच्या त्या पोरीची आई आपला मुलगा पाळणाघरात सोडून सकाळच्या बसने कामाला गेली होती. तो झोपला होता. बाईंनी त्याच्या बहिणीची चौकशी केली. अंगणवाडीच्या ताई म्हणाल्या, "शाळेत हाय ना. आज सोमवार."

बाई उठल्या. काठी भिंतीला टेकवून ठेवली आणि ती तिथेच राहिली. पाहुण्यांसाठी आणलेलं एक श्रीफळ उरलं होतं. ते मांडीवर घेऊन त्या शाळा सुटेपर्यंत थांबल्या. पोरगी दप्तर घेऊन भावाला न्यायला आली तेव्हा बाईंनी कट्ट्यावर बसलेल्या सगळ्यांना उभं केलं, टाळ्या वाजवायला लावल्या आणि निवृत्त माणसाला देतात तसं ते श्रीफळ तिच्या हातात दिलं. तिला काही कळलं नाही, पण नारळ तिने छातीशी घट्ट धरला.

बाई आता पुण्यात नसतात. जानेवारीत पुतणीकडे इंदूरला गेल्या. दर एक तारखेला फोन येतो. नमस्कार-चमत्कार नाही. "आज किती?" एवढंच. मी हजेरी विचारून ठेवलेली असते. आकडा सांगितला की विचारतात, "पाहून सांगताय की ऐकून?" म्हणून मी हल्ली महिन्यातून एकदा सव्वासातची बस धरतो.

केंद्र सुरू झालं त्या दिवशीची शेवटची नोंद अशी. शेंगदाण्याचे लाडू, नग एकशे आठ, दर बारा रुपये, एकूण बाराशे शहाण्णव रुपये. मधल्या गावच्या महिला बचत गटाला रोख दिले, माझ्या खिशातून. पावती आहे.